स्वस्त कपड्याचे बिल खाडीच्या नावावर



आपल्या चेणे गावाशेजारून, घोडबंदरच्या किल्ल्याखालून समुद्राकडे जाणारी खाडी म्हणजे उल्हास नदीच. कल्याणजवळ या नदीला वालधुनी मिळते आणि वालधुनी येते उल्हासनगरातून. स्वस्त जीन्ससाठी ते शहर देशभर ओळखले जाते. कित्येक वर्षे तिथल्या जीन्स वॉश कारखान्यांचे निळे-काळे पाणी प्रक्रियेविना नाल्यात आणि नाल्यातून वालधुनीत जात राहिले. त्यामुळे फॅशनचा प्रश्न मॉलवाल्यांचा, आपल्याला त्याचे काय, असे चेण्याच्या माणसाला म्हणता येणार नाही. ज्याच्या दारात भरतीचे पाणी येते, त्याने वर काय ओतले जाते हे विचारलेच पाहिजे.

बाजारातली एक नवी जीन्स हातात घेऊन नीट पाहा. मांडीवर फिकट पट्टा, गुडघ्यावर पांढुरके डाग, खिशाच्या कडा विरलेल्या. हे सगळे नव्याकोऱ्या कापडावर मुद्दाम केलेले असते. शिवून झालेली पँट मोठ्या ड्रममध्ये प्यूमिस दगड किंवा एन्झाइम घालून घुसळतात, ब्लीच करतात, पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारून रंग उडवतात आणि पुन्हा पुन्हा धुतात. नवे कापड जुने दिसावे, एवढ्यासाठी पाणी, रसायने आणि कामगाराची फुप्फुसे खर्ची पडतात. रंग उडवायला वाळूचा मारा करण्याच्या पद्धतीने तुर्कस्तानात तरुण कामगारांना सिलिकोसिस झाला. २००९ मध्ये त्या देशाला त्यावर बंदी घालावी लागली. कापसाच्या शेतापासून दुकानापर्यंत एका जीन्समागे सुमारे ७,५०० लिटर पाणी लागते, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. ती पँट पाच वर्षे वापरली तर हे पाणी पाच वर्षांत वाटले जाते. सहा महिन्यांत टाकली तर तेवढाच काळ अंग झाकायला दहापट पाणी जाते. वेगवान फॅशनचा धंदा आपण ती सहा महिन्यांत टाकावी यावरच चालतो.

स्वस्त कपड्यामुळे गरिबाच्या मुलालाही सणाला नवे कपडे मिळतात, ते तुम्ही हिरावून घेणार का, असा प्रश्न यावर विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि त्या मुलाच्या एका जोडीबद्दल आमची काहीही तक्रार नाही. पण भाव उतरतो तो कुणाच्या तरी पदरचे काढून, आणि तो कुणीतरी गरीबच असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालची बँक बंद ठेवली गेली, शिवणकाम करणाऱ्या बायकांना मात्र वर कामावर बोलावले. ऑर्डर वेळेत जायला हवी होती. गरिबाला परवडणारा कपडा हवाच, पण तो टिकणारा हवा. दोन धुण्यांत आकार सोडणारा शर्ट गरिबाला वर्षातून चार वेळा घ्यावा लागतो, हे स्वस्त कसे?

दुसरा आक्षेप रोजगाराचा. वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल कडक आदेश दिला. पुढे उल्हासनगरातले जीन्स वॉश कारखाने बंद झाले आणि कामगार रस्त्यावर आले. ही झळ खरी आहे. म्हणूनच नुसते टाळे लावणे हे आम्हाला उत्तर वाटत नाही. पाणी शुद्ध करण्याचा खर्च कपड्याच्या किमतीत धरला असता, तर नदीही वाचली असती आणि कामही. तो खर्च कारखानदाराने टाळला, कारण घाऊक खरेदीदार जास्त भाव द्यायला तयार नव्हता. अशा खरेदीदाराला, म्हणजे पुढे कपडे विकणाऱ्याला, जबाबदार धरणारा कायदा करता येतो. कपडे विकणाऱ्याने जुन्या कपड्यांच्या विल्हेवाटीचा खर्च उचलावा, असा कायदा फ्रान्सने २००७ मध्येच केला.

आपल्याकडे कपडा कधी कचरा नव्हता. जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, धडके कपडे बोहारणीला जायचे आणि त्या बदल्यात स्टीलचे पातेले घरात यायचे. अशी भांडी घडवणारे कारखाने तर आपल्या भाईंदरचेच. आता पॉलिस्टरचा विटका टॉप बोहारीण घासाघीस करूनही घेईना, पाणी न शोषणारे कापड पायपुसण्यालाही चालेना, मग ते जाते घंटागाडीत आणि तिथून उत्तनच्या डोंगरावरच्या कचराभूमीत. पॉलिस्टर हे खनिज तेलापासून बनते, कुजत नाही. प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू सुटून गटारातून खाडीत जातात, आणि त्याच खाडीची मासळी आपल्या ताटात येते.

एका गावाने काय होणार, असे म्हणू नका. घरात आहेत ते कपडे उसवले तर शिवून घाला, लग्नसराईला एकमेकांचे वापरा. त्यात कमीपणा नाही. पालिकेकडे जुन्या कपड्यांची वेगळी गाडी मागा. आणि आपल्या खाडीच्या पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली, त्यात काय सापडले, हे नगरसेवकाला लेखी विचारा. उत्तरही लेखीच घ्या.