पाठिंबा द्यायचा असेल तर वेळेवर द्या

२४ जून २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली आणि ३३ वर्षांचे जोहरान ममदानी जिंकले. आपल्याकडच्या अनेक मुस्लिम तरुणांनी ही बातमी उत्साहानं एकमेकांना पाठवली. ते साहजिकच होतं. पण त्या आनंदात एक प्रश्न मागे राहिला, आणि मला तो निकालाइतकाच महत्त्वाचा वाटतो: त्यांना कोणी कधी पाठिंबा दिला?

आधी पद्धत समजून घेऊ. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार श्रेष्ठी ठरवत नाहीत, मतदार ठरवतात. न्यूयॉर्कच्या या निवडणुकीत पक्षाकडे नोंद असलेला कोणताही मतदार मत देऊ शकत होता आणि पाच उमेदवारांना पसंतीक्रम लावू शकत होता. उमेदवार सगळे एकाच पक्षाचे, त्यामुळे चिन्ह पाहून शिक्का मारण्याची सोय नाही. अशा वेळी ओळखीच्या, विश्वासातल्या नेत्याचा शब्द मतदाराला खरोखर उपयोगी पडतो. पण तो कधी येतो, यावर त्याचं मोल ठरतं.

या निवडणुकीचंच वेळापत्रक पाहा. ४ जूनला उमेदवारांची पहिली मोठी वादचर्चा झाली. दुसऱ्याच दिवशी खासदार अलेक्झांड्रिया ओकासियो-कॉर्टेझ यांनी ममदानींना पहिली पसंती जाहीर केली आणि पुढच्या चार पसंत्याही सांगितल्या. तेव्हा मतचाचण्यांत माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युमो पुढे होते. ममदानी हरले असते तर पराभवाचा एक वाटा या बाईंच्या नावावरही लागला असता. १३ जूनला ममदानी आणि प्रतिस्पर्धी उमेदवार ब्रॅड लँडर या दोघांनी एकमेकांना दुसरी पसंती देण्याचं आवाहन केलं. एक मुस्लिम, एक ज्यू. मुदतपूर्व मतदान दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला सुरू होणार होतं.

बर्नी सँडर्स यांचा पाठिंबा १७ जूनला आला. बिल क्लिंटन यांनी क्युमोंना पाठिंबा दिला तो २२ जूनला, मुदतपूर्व मतदानाच्या शेवटच्या दिवशी. तोवर पावणेचार लाखांहून अधिक लोक मत देऊन मोकळे झाले होते. त्या मतदारांना क्लिंटन यांच्या मताचा काय उपयोग? त्यावर कोणी प्रश्न विचारायला, क्युमोंवरच्या लैंगिक छळाच्या आरोपांबद्दल तुमचं काय म्हणणं आहे असं विचारायला वेळच उरला नव्हता.

माझं म्हणणं एवढंच आहे. पक्षांतर्गत निवडणुकीत नेत्यानं पाठिंबा द्यायचा असेल, तर उमेदवारांची भूमिका लोकांसमोर आल्यानंतर आणि पहिलं मत पडण्याआधी द्यावा. फार लवकर दिला तर ते परीक्षेआधीच गुण देणं होतं. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी पक्षाच्या शेकडो ‘सुपरडेलिगेट्स’नी एकही मत पडण्यापूर्वी हिलरी क्लिंटन यांच्या बाजूनं कौल दिला होता. शर्यत सुरू होण्याआधीच निकाल ठरलाय, अशी भावना सँडर्स यांच्या तरुण समर्थकांत पसरली. ती इतकी खोल गेली की २०१८ मध्ये पक्षाला नियम बदलून पहिल्या फेरीतला सुपरडेलिगेट्सचा मताधिकार काढावा लागला. फार उशिरा दिला, तर तो पाठिंबा राहत नाही, अभिनंदनाचा हार होतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सहकाऱ्याचा कोड तपासून त्याला मान्यता द्यावी लागते. चाचण्या होण्याआधी दिलेली मान्यता बेजबाबदार असते. कोड ग्राहकापर्यंत पोहोचल्यावर दिलेली मान्यता तर कोणी वाचतही नाही.

योग्य वेळ साधली की काय मिळवता येतं, याचं उदाहरण २०२० चं आहे. साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅटिक मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. तिथले ज्येष्ठ खासदार जिम क्लायबर्न यांच्या शब्दाला वजन होतं. २५ फेब्रुवारीला वादचर्चा झाली. सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय महिलेची नेमणूक करण्याचं जाहीर वचन द्या, असा आग्रह क्लायबर्न यांनी जो बायडन यांच्याकडे धरला होता. बायडन यांनी ते वचन त्याच मंचावरून दिलं. २६ तारखेला क्लायबर्न यांनी पाठिंबा जाहीर केला, २९ ला बायडन मोठ्या फरकानं जिंकले आणि बुडत चाललेली त्यांची मोहीम पुन्हा उभी राहिली. एप्रिल २०२२ मध्ये केतांजी ब्राऊन जॅक्सन यांच्या नेमणुकीवर सिनेटनं शिक्कामोर्तब केलं.

क्लायबर्न यांनी मागितलं ते साऱ्या समाजाला अभिमान वाटेल असं, आणि वचन मिळालं ते सगळ्या देशासमोर. महामंडळाचं अध्यक्षपद किंवा विधान परिषदेची जागा बंद खोलीत मागण्यापेक्षा हे फार वेगळं आहे. पाच वर्षांनी याच क्लायबर्न यांनी न्यूयॉर्कमध्ये क्युमोंना पाठिंबा दिला, पण क्युमो हरले. पाठिंब्याचं वजन नावात नसतं. ज्या लोकांमध्ये तुम्ही वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांच्यापुरतंच ते असतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे: काही जणांनी गप्प राहणंच योग्य नाही का? आहे. पक्षाची यंत्रणा चालवणारे पंच असतात, आणि पंचानं संघ निवडू नये. २०१६ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीतले सँडर्सविरोधी ईमेल बाहेर आले आणि अध्यक्षा डेबी वासरमन शुल्झ यांना पद सोडावं लागलं. २०२० मध्ये बराक ओबामा शेवटपर्यंत तटस्थ राहिले. सँडर्स माघार घेईपर्यंत थांबून त्यांनी १४ एप्रिलला बायडन यांना पाठिंबा दिला, कारण भांडलेले गट नंतर एकत्र आणायला कोणीतरी लागतं. हे मला पटतं.

पण तटस्थतेचंही एक कर्तव्य आहे. मतदारांचा कौल लागला की तटस्थता संपते. ममदानी अंतिम फेरीत सुमारे ५६ टक्के मतं घेऊन जिंकले. त्यानंतर गव्हर्नर कॅथी होकुल यांचा पाठिंबा सप्टेंबरच्या मध्यात आला. पक्षाचे प्रतिनिधीगृहातले नेते, स्वतः न्यूयॉर्कचे हकीम जेफ्रीज यांनी २४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे बरोबर चार महिने लावले. सर्वसाधारण निवडणुकीचं मुदतपूर्व मतदान दुसऱ्या दिवशी सुरू होत होतं. सिनेटमधले नेते चक शूमर यांनी तर अखेरपर्यंत पाठिंबा जाहीर केलाच नाही. एरवी ‘पक्षाचा उमेदवार तो आपला उमेदवार’ असं तरुणांना बजावणारी हीच मंडळी. उमेदवार मुस्लिम होता, गाझाबद्दल स्पष्ट बोलत होता आणि डाव्या विचाराचा होता. यांपैकी कशामुळे त्यांची जीभ अडखळली, ते त्यांनाच ठाऊक. पण निष्ठेचा नियम पाहुण्यांसाठी वेगळा आणि घरच्यांसाठी वेगळा असेल, तर तो नियम नव्हे.

आता आपल्याकडे. आपल्या पक्षांत प्राथमिक निवडणूक नाही, उमेदवारी एबी फॉर्मवर ठरते. २०१४ च्या लोकसभेपूर्वी काँग्रेसनं मोजक्या मतदारसंघांत अंतर्गत निवडणुकीचा प्रयोग केला, त्यात वर्धा आणि लातूर होते. मताधिकार पक्षाच्या वर्तुळापुरता राहिला, दोन्ही जागा भाजपकडे गेल्या आणि प्रयोग रुजला नाही.

मात्र जाहीर पाठिंब्याची पद्धत आपल्या समाजात चांगलीच रुजली आहे. मतदानाच्या आदल्या रात्री एखाद्या संघटनेचं, जमातीचं किंवा मौलानांचं पत्रक व्हॉट्सॲपवर फिरू लागतं: कौमनं अमुक उमेदवाराला एकगठ्ठा मत द्यावं. कायद्यानं जाहीर प्रचार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत थांबतो. म्हणजे उमेदवाराला प्रश्न विचारण्याची सगळी दारं बंद झाल्यावर हे पत्रक येतं. त्यात ना कारण असतं, ना मागणी, ना उमेदवाराचं वचन. ते खरं की बनावट हे तपासायलाही वेळ नसतो. विरोधकांना मात्र ‘बघा, फतवा निघाला’ म्हणायला ते पुरतं. समाजाच्या हाती काही लागत नाही, आणि आपल्या बहिणींना, तरुणांना स्वतःचं डोकं आहे हेच त्यात गृहीत धरलेलं नसतं.

धर्माच्या नावानं मत मागणं कायद्यालाही मान्य नाही आणि मलाही नाही. पण शिक्षण, वस्तीतलं पाणी, बांधकाम कामगारांची नोंदणी, वक्फ जमिनींचा हिशेब या प्रश्नांवर ज्यांचं काम आहे, त्यांनी आपलं मत जरूर सांगावं. फक्त ते उमेदवारी जाहीर झाल्यावर, उमेदवारांना एका मंचावर बोलावून, उत्तरं ऐकून, मतदानाच्या किमान आठवडाभर आधी सांगावं. का पाठिंबा देतो, बदल्यात काय जाहीर वचन घेतलंय आणि स्वतःसाठी काही मागितलंय का, हे लिहून द्यावं. येत्या निवडणुकीत तुमच्या मोहल्ल्यात असं पत्रक आलं, तर पुढे पाठवण्याआधी सही करणाऱ्याला फोन करा आणि या तीन गोष्टी विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ते पत्रक तुमच्याच फोनमध्ये राहू द्या.