कोरी फिल्म, बाटलेली फिल्म

प्रायोगिक लघुपट काढलात, आता फेस्टिवल शोधताय. शोधा. पण आधी त्यांचे नियम वाचा. कित्येक बड्या ठिकाणी अट असते : फिल्म आधी कुठं दाखवलेली नको, यूट्यूबवर तर नकोच. म्हणजे आपल्या माणसांनी पाह्यली की फिल्म बाटली! पाणवठ्याचा कायदा साला पडद्यावर आला. वर फी डॉलरात. नाकारली तरी परत नाही.

मग पाठवायचीच नाही? पाठवायची, पण जागा पारखून. जर्मनीतलं ओबरहाउझन हे कोळसा-पोलादाच्या मुलखातलं शहर. १९५४ पासून तिथं लघुपट महोत्सव भरतो. १९६२ साली २६ जणांनी तिथंच जुना सिनेमा मेल्याचं जाहीर केलं. बंगळूरचं एक्सपेरिमेंटा २००३ साली प्रायोगिकांसाठीच निघालं. चेन्नईत पा. रंजितच्या लोकांनी या दशकात पी. के. रोझीच्या नावानं महोत्सव भरवला. ही मल्याळम सिनेमाची पहिली नायिका. दलित बाईनं नायरीण रंगवली म्हणून सवर्णांनी तिला पळवून लावलं.

आणि जागा नसलीच तर? २००४ सालच्या मुंबईच्या सरकारी महोत्सवानं फक्त देशी फिल्मांकडं सेन्सॉरचं सर्टिफिकेट मागितलं. दिग्दर्शकांनी 'विकल्प' नावानं आपला समांतर महोत्सव उभा केला. भीक मागितली नाही.

म्हणून पहिला खेळ वस्तीत. चादर ताणा, दाखवा, शिव्या खा, भांडा. त्यानंतर जो घेईल तो महोत्सव आपला. ज्याला कोरीच फिल्म पाहिजे, त्यानं कोरा पडदा बघत बसावं.