वय विचारू नका, ताकद विचारा

घरात म्हाताऱ्या माणसाचे ऑपरेशन निघाले की आपल्या वस्तीत दोनच तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, "आता या वयात कशाला चिरफाड? चार दिवस सुखाने जगू द्या." दुसरा म्हणतो, "डॉक्टर म्हणतात ना, मग करून टाका." आमच्या मते दोघेही चुकतात, कारण दोघांनीही त्या माणसाकडे नीट पाहिलेलेच नसते. एकाने वय पाहिले, दुसऱ्याने डॉक्टरचा कागद पाहिला. पाहायची ती गोष्ट वेगळीच आहे. माणसाच्या अंगात शिल्लक किती उरली आहे, ते पाहावे.

मुळात आपल्या म्हाताऱ्यांचे वय तरी कुणाला ठाऊक आहे? पुष्कळांच्या आधार कार्डावर १ जानेवारी हीच जन्मतारीख असते, कारण खरी तारीख कुणी लिहून ठेवलेलीच नव्हती. "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला होते," असे सांगणारी आजी आज सत्तरीच्या पुढे असणार, एवढाच हिशेब लागतो. त्यातली एखादी आजी आजही मानवतच्या बाजारात चालत जाते, डोक्यावर सरपण आणते. दुसरी तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण अर्धी भाकर खाऊन ताट सरकवते आणि उंबरा ओलांडताना दाराची चौकट धरते. ऑपरेशनचा धोका दुसरीला जास्त. वय लहान असूनही जास्त!

या दुसऱ्या अवस्थेला आपल्या बोलीत चांगला शब्द आहे : माणूस खंगला. डॉक्टर तिला 'फ्रेल्टी' म्हणतात. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली तिची पाच लक्षणे मांडली. एक, प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलोच्या वर वजन घटणे. दोन, सदा थकवा. तीन, हाताची पकड ढिली पडणे. चार, चाल मंदावणे. पाच, हिंडणेफिरणे, काम कमी होणे. यांतील तीन किंवा अधिक असतील तर माणूस खंगला असे धरावे. एक-दोन असतील तर तो त्या वाटेवर आहे. वजनकाटा घरात नसला तरी काही बिघडत नाही. चोळी सैल झाली, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, भरलेली घागर उचलवेना, हे घरच्या सुनेला सर्वांआधी कळते.

हे सारे ऑपरेशनशी कसे जोडलेले आहे? २०१० साली अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील सर्जन मंडळींनी ६५ वर्षांवरच्या ५९४ रुग्णांची ऑपरेशनआधी हीच पाच लक्षणे तपासली. खंगलेल्यांमध्ये ऑपरेशननंतर गुंतागुंत होण्याची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. त्यांचा दवाखान्यातला मुक्कामही लांबला.

कारण समजायला सोपे आहे. शरीर म्हणजे कणगी समजा. ऑपरेशन कणगीतून धान्य काढते. रक्त जाते, भूल दिली जाते, उपास घडतो, जखम भरायला शरीराला खर्च करावा लागतो. शिवाय पडून राहणे आलेच. २००७ साली एका प्रयोगात बारा धडधाकट वृद्धांना दहा दिवस खाटेवर ठेवले, तर त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस झडले. धडधाकटांची ही गत, तर ज्यांची कणगी आधीच तळाला गेली त्यांचे काय?

आणि आपल्या कष्टकरी बायांची कणगी लवकर रिकामी होते, हेही सांगितले पाहिजे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारने ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ऊसतोडीला परभणी जिल्ह्यातूनही कुटुंबे जातात. पिशवीबरोबर अंडाशयही कमी वयात काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात. तरुणपणी गरज नसताना केलेले ऑपरेशन म्हातारपणी असे वसूल होते. अशी बाई पन्नाशीतच साठीची दिसते. म्हणून तिच्याबाबत डॉक्टरला "पिशवी काढलेली आहे" हे आठवणीने सांगावे.

आता मुख्य प्रश्न. ऑपरेशन करावे की नाही? आम्ही म्हणू, आधी ते थांबू शकते का ते विचारा.

मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर थांबता येत नाही. येथे "म्हातारी खंगलेली आहे, राहू द्या" म्हणणे घातक ठरते. हाडवैद्याकडे पट्टी बांधून महिनोन्‌महिने पडून राहिले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या दोन दिवसांत ऑपरेशन व्हावे, असे तज्ज्ञ सांगतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देशांतील पाहणीत असे दिसले की अगदी काही तासांत ऑपरेशन केले म्हणून मृत्यू कमी झाले नाहीत, पण अशा रुग्णांना भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. तरीही खरे ते सांगतो : खुबा मोडलेल्या म्हाताऱ्यांपैकी पाचांत एक तरी वर्षभरात जातो. म्हणून पडू न देणे हेच मोठे औषध. मोरी कोरडी ठेवा, रात्री दिवा ठेवा. मोतीबिंदू झाला असेल तर काढून घ्या. ते ऑपरेशन डोळ्यापुरत्या भुलीवर होते आणि खंगलेल्या माणसालाही सहसा झेपते.

त्रास न देणारा हर्निया, झिजलेला गुडघा, अशी ऑपरेशने मात्र पुष्कळदा थांबू शकतात. तेव्हा डॉक्टरला विचारून महिना-दीड महिना कणगी भरावी. रोज अंडे, डाळ, मोडाची मटकी, शेंगदाणे, जमेल तर दूध पोटात जावे. सकाळ-संध्याकाळ चालावे. हात न टेकता खुर्चीवरून उठबस करावी. बिडी बंद, तंबाखू-मिसरीही बंद. रक्त कमी असेल तर ते वाढवून घ्यावे.

डॉक्टरसमोर गप्प बसू नका. विचारा : ऑपरेशन नाही केले तर काय होईल? केले तर या माणसाला धोका किती? नंतर स्वतःच्या पायाने चालेल का? दुसरा उपाय आहे का? शुगरच्या, रक्त पातळ करण्याच्या, झाडपाल्याच्या, सगळ्या औषधांची पुडकी बरोबर न्या.

आणि एक माणूस विचारायचा राहतो, तो म्हणजे खुद्द म्हातारा किंवा म्हातारी. मुले, जावई, भाऊबंद दारात उभे राहून ठरवतात आणि जिच्या अंगावर सुरी चालणार तिला कुणी विचारीत नाही. तिला काय हवे ते विचारा. नातीच्या लग्नात चालता यावे, की दुखणे कमी व्हावे, की घरीच राहावे? सगळे समजून तिने "नको" म्हटले, तर तो तिचा हक्क आहे. मग दुखणे कमी करण्याची सोय करणे हे आपले काम.

ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री म्हातारे माणूस बरळू लागते, घरच्यांना ओळखत नाही. घाबरू नका आणि देवऋषीही आणू नका. हा मेंदूला तात्पुरता झालेला भ्रम असतो. नर्सला ताबडतोब सांगा. चष्मा, कवळी, कानाचे यंत्र परत द्या. ओळखीचे माणूस जवळ बसवा. डॉक्टर म्हणतील त्या दिवशीच उभे करा.

पैशाचेही बोलू. वय ७० पूर्ण असेल तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांची सोय झाली. कार्ड आजार येण्याआधीच काढून ठेवा. त्याहून कमी वयाच्यांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतील दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, त्याला आधी भेटा. सावकाराच्या दारात जाण्याआधी परभणीचे जिल्हा रुग्णालय, नांदेडचे शासकीय रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरची घाटी, यांची वाट धरा.

येत्या रविवारी एक करा. घरातल्या आजी-आजोबांना खुर्चीवर बसवा. उठायला सांगा, दहा फूट चालून, वळून, परत येऊन बसू द्या. मनात सावकाश आकडे मोजा. बारा सेकंदांहून अधिक लागले, तर डॉक्टरला दाखवा आणि ताटात उद्यापासून एक अंडे वाढवा.