संयुक्त पदवीला संयुक्त मोहोर हवी



नवी मुंबईतील नियोजित ‘एज्युसिटी’त परदेशी विद्यापीठे येणार म्हणून सर्वत्र स्वागताचा सूर आहे. मात्र दोन देशांत मिळून शिकलेल्या अभियंत्याच्या पदवीच्या दर्जाची हमी कोण देणार, याची चर्चा कुठेच होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार संयुक्त पदवीसाठी भारतीय आणि परदेशी संस्थेत प्रत्येकी किमान ३० टक्के क्रेडिट पूर्ण करावे लागतात. परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात असली की ती पात्र ठरते. पण क्रमवारी असते विद्यापीठाची, आणि तिच्यात संशोधन व नावलौकिक यांना मोठे वजन असते. विद्यार्थी शिकतो एका शाखेत. त्या शाखेची प्रयोगशाळा कशी आहे, शिकवायला नियमित प्राध्यापक आहेत की तासिका तत्त्वावरचे, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प खरोखर विद्यार्थ्यानेच केला का, यांपैकी काहीही त्या क्रमांकावरून कळत नाही.

अभियांत्रिकीत शाखानिहाय मूल्यमापनाची व्यवस्था जुनीच आहे. १९८९ च्या वॉशिंग्टन करारातील देश एकमेकांचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम समतुल्य मानतात. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणारी आपली एनबीए ही संस्था २०१४ मध्ये त्याची पूर्ण सदस्य झाली. मात्र प्रत्येक सदस्य संस्थेने आपल्या देशाच्या हद्दीत दिलेल्या मान्यतेपुरताच हा करार चालतो. मग निम्मा पुण्यात आणि निम्मा परदेशात शिकवलेला अभ्यासक्रम कोणाच्या हद्दीत धरायचा? आयोगाच्या नियमांमुळे ही पदवी भारतात ग्राह्य ठरेल; अडचण येईल ती बाहेर. ऑस्ट्रेलियात स्थलांतरासाठी अर्ज करणाऱ्या अभियंत्याची पदवी करारात बसत नसेल, तर त्याला स्वतःच्या कामाचे सविस्तर लेखी निवेदन देऊन आपली पात्रता सिद्ध करावी लागते. कर्ज काढून दोन देशांचे शुल्क भरलेल्या घराला हे पदवी हाती आल्यावर कळावे, हा अन्याय आहे.

युरोपने यावर मार्ग काढला आहे. अभियांत्रिकी शिक्षणाच्या मान्यतेसाठी २००६ मध्ये स्थापन झालेल्या ‘ईएनएईई’ या जाळ्याने ‘यूर-एस’ ही सामाईक मोहोर रुजवली. ती जर्मनीची ‘असीन’, फ्रान्सची ‘सीटीआय’ यांसारख्या अधिकृत राष्ट्रीय संस्थाच आपापल्या मूल्यमापनानंतर देतात. संयुक्त अभ्यासक्रमांची तपासणी प्रत्येक देशात वेगवेगळी न होता एकदाच व्हावी, यासाठीची पद्धत तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी २०१५ मध्ये येरेवान येथे मंजूर केली.

सामाईक मोहोर आली की सगळीकडे एकाच साच्याचे शिक्षण होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. ‘यूर-एस’ पाठ्यक्रम ठरवून देत नाही. पदवीधराला काय करता आले पाहिजे, एवढेच पाहते. कोकणातल्या पुलाचे उदाहरण घेऊन शिकवा किंवा हॉलंडच्या बंधाऱ्याचे, भार मोजता आला पाहिजे. नव्या मोहोरेने लालफीत वाढेल, ही भीती अधिक खरी आहे. म्हणूनच नवे मंडळ नको. एनबीए आणि समोरच्या देशातील मान्यता संस्था यांची एकच संयुक्त समिती असावी, तिने दोन्ही ठिकाणच्या प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहाव्यात आणि एकच अहवाल द्यावा. मोहोर शाखेला मिळावी, विद्यापीठाला नव्हे. ती ठरावीक मुदतीची असावी आणि अहवाल सर्वांना वाचायला खुला असावा.

एनबीएने हा विषय वॉशिंग्टन कराराच्या सदस्य देशांपुढे मांडावा. तोवर राज्य सरकारने ‘एज्युसिटी’तील संस्थांना एक अट घालावी: कोणत्या शाखेला कोणाची मान्यता आहे आणि ती कोणत्या देशांत चालते, हे प्रवेशापूर्वी लेखी कळवले पाहिजे. पालकांनीही शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी हे लेखी उत्तर मागून घ्यावे.

– एक निवृत्त अभियांत्रिकी प्राध्यापक, पुणे