‘ऑल्दो’नंतर ‘बट’ का येतो? इंग्रजी कच्चं नाही, सवय मराठीची

‘ऑल्दो द ट्रेन वॉज लेट, बट आय रीच्ड ऑन टाइम.’ डोंबिवली-कल्याणहून निघायचं, ठाण्याला गाडी बदलायची आणि ऐरोलीचं ऑफिस गाठायचं, अशी धावपळ करणाऱ्या कितीतरी मराठी तरुणांच्या तोंडी असं वाक्य सहज येतं. अर्थ पोहोचतो, पण मुलाखतीत समोरच्याच्या कानाला तो ‘बट’ टोचतो आणि ‘इंग्लिश कच्चं आहे’ असा शिक्का बसतो.

हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो. तो ‘बट’ अज्ञानातून नाही, आपल्या ‘तरी’मधून येतो. ‘गाडी जरी उशिरा आली, तरी मी वेळेवर पोहोचलो.’ मराठीत ही उभयान्वयी अव्ययं जोडीनं चालतात: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत. एक उच्चारलं की दुसरं जिभेवर हजर! इंग्रजीत मात्र दोन वाक्यं जोडायला बहुतेक वेळा एकच अव्यय पुरतं. ‘ऑल्दो’ ठेवला तर ‘बट’ काढायचा, ‘बट’ हवा असेल तर ‘ऑल्दो’ काढायचा. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांचंही तेच. ‘इफ’सोबत ‘देन’ चालतो, पण ‘समजा जर’वरून आलेला ‘सपोज इफ’ नको.

इथपर्यंतच्या चुका निभावून जातात. खरा घोळ ‘अनटिल’ आणि ‘अनलेस’ घालतात. ‘जोपर्यंत तू येत नाहीस, तोपर्यंत मी थांबतो’ हे आपण ‘अनटिल यू डोन्ट कम, आय विल वेट’ असं करतो. त्यातला ‘डोन्ट’ मराठी ‘नाही’चा आहे. यावर उपाय मराठीतच सापडतो. मनात ‘तू येईपर्यंत’ असं म्हणा. ‘नाही’ आपोआप गळतो आणि ‘अनटिल यू कम’ बरोबर येतं.

‘अनलेस’च्या पोटात ‘नाही’ आधीच बसलेला आहे. आता ग्राहकाला गेलेला हा मेल पाहा: ‘अनलेस वी डोन्ट रिसीव्ह द पेमेंट बाय फ्रायडे, वी विल कॅन्सल द ऑर्डर.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, पैसे आले नाहीत तर ऑर्डर रद्द. लिहिलं गेलं, पैसे आले तर ऑर्डर रद्द! आपल्याकडचा माणूस अंदाजानं समजून घेईल. परदेशातला ग्राहक शब्दशः वाचेल, आणि उत्तर द्यावं लागेल ते मेल पाठवणाऱ्याला.

आणखी एक आपला ‘की’. ‘त्यानं विचारलं की, तू कुठे राहतोस?’ याचं ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह’ होतं. प्रश्नार्थक शब्द आला की ‘दॅट’ची गरज उरत नाही. ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’ एवढं पुरे.

राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. बोर्डाच्या परीक्षेसाठी मुलं ‘नो सूनर... दॅन’ घोटतात, ‘अनलेस’ वापरून वाक्यं बदलतात, गुणही मिळवतात. (फलाटावर ‘नो सूनर’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.) पण ‘अनलेस’चं वाक्य फळ्यावर लिहून त्याच्या शेजारी मराठी वाक्य मांडणारे शिक्षक किती? इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणं म्हणजे कमीपणा, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. मग चूक जिथून येते ती जागा मुलांना दिसणार कशी?

शेजारी मांडलं की फरक दोन्हीकडचे दिसतात. ‘चहा की कॉफी?’ म्हणजे दोन्हींतलं एक निवड. ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ म्हणजे मुळात काही घेणार का. मराठीत दोन शब्द आहेत, इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘ऑर’. तिथे इंग्रजी बोलणाऱ्याला नुसत्या आवाजाच्या चढ-उतारावर भागवावं लागतं.