कोल्ट नेव्ही आणि बेफिकिरीचा आरोप

सर्जिओ लिओनेच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) या चित्रपटाची कथा अमेरिकन यादवी युद्धात, १८६२च्या न्यू मेक्सिको मोहिमेच्या काळात घडते. ब्लाँडी आणि तुको यांच्या हातात १८५१च्या नमुन्याचे कोल्ट नेव्ही रिव्हॉल्वर आहे, पण ते धातूच्या काडतुसांवर चालते. एवढ्यावरून दिग्दर्शकाला शस्त्रांतले काही कळत नव्हते, मिळेल ते त्याने पात्रांच्या कमरेला लटकावले, असा निकाल दिला जातो.

आक्षेपातला खरा भाग आधी मान्य केला पाहिजे. मूळ कोल्ट नेव्ही ठासणीचे. चक्रीच्या प्रत्येक घरात दारू ओतायची, शिशाची गोळी दाबून बसवायची, मागे टोपी चढवायची. असे सहा वेळा. मागून काडतूस भरण्यासाठी लागणाऱ्या आरपार घरांच्या चक्रीचे रोलिन व्हाइटचे पेटंट स्मिथ अँड वेसनच्या हाती होते आणि १८६९पर्यंत त्याने इतरांची वाट अडवली. कोल्टची काडतुसी रूपे त्यानंतरची. मात्र १८६२मध्ये धातूचे काडतूसच नव्हते, हे म्हणणे साफ चूक आहे. स्मिथ अँड वेसनचे छोटे रिव्हॉल्वर १८५७पासून विकले जात होते आणि हेन्री रायफल तर याच युद्धात वापरली गेली.

बेफिकिरीचा आरोप या हेन्रीपाशीच कोसळतो. फासाचा दोर तोडणारी ब्लाँडीची रायफल प्रत्यक्षात १८६६ची विंचेस्टर आहे. पण नळीखालचे लाकूड काढून तिला हेन्रीचे रूप दिले आहे. काळाची पर्वा नसणारा हा खटाटोप कशाला करील?

त्याहून मोठा पुरावा हॉटेलच्या प्रसंगात आहे. ब्लाँडी रिव्हॉल्वर खोलून साफ करत बसला आहे. बाहेरून जाणारे सैन्य थबकते, आवाज थांबतो आणि जिन्यावरच्या टाचांची खणखण ऐकू येते. तो भराभर सुटे भाग जोडतो आणि दारातून घुसणाऱ्या तिघांना टिपतो. हा प्रसंग कोल्टच्या घडणीतूनच निघाला आहे. त्याच्या चक्रीवर पोलादी पट्टी नसते. एक पाचर काढली की नळी, चक्री आणि मूठ सुटी होतात. तिसरे पात्र एंजल आइज, त्याच्या रेमिंग्टन रिव्हॉल्वरची नळी चौकटीत पक्की असते. तिथे हा ताण उभा राहिला नसता.

शेवटच्या तिरंगी लढतीत तुकोचा बार उडत नाही, कारण आदल्या रात्रीच ब्लाँडीने त्याच्या गोळ्या काढून घेतल्या होत्या. ठासणीच्या रिव्हॉल्वरच्या टोप्या काढूनही हेच साधले असते. म्हणजे काळाची चूक दुरुस्त केली तरी कथेला धक्का लागत नाही. ती चूक चित्रपटाच्या नावे जरूर मांडावी, शस्त्रांच्या अज्ञानाचा ठपका मात्र मागे घ्यावा.