बर्फावर गिरवलेली वर्तुळे

बुटांच्या तळाशी पोलादी पाते बसवून बर्फावर जी क्रीडा केली जाते, तीस ‘फिगर स्केटिंग’ म्हणतात. ‘फिगर’ म्हणजे आकृती. आज या खेळाचे नाव काढले की उंच उड्या आणि भोवऱ्यासारख्या गिरक्या डोळ्यांपुढे येतात. नावातली आकृती मात्र कोठेच दिसत नाही. ती कोठे गेली, हे जाणण्यासाठी ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना नगरीत १९५१ साली जन्मलेल्या बिआट्रिक्स शूबा हिची हकिकत पाहावी लागते.

तिच्या काळी स्पर्धेचे दोन भाग असत. एका भागात संगीताच्या साथीने मुक्त नृत्य, तर त्याआधीच्या भागात केवळ आकृत्या. कोऱ्या बर्फावर, एका वेळी एकाच पायावर तोल सांभाळीत, खेळाडूने एकमेकांस चिकटलेली दोन वर्तुळे काढावयाची. (येथे आपला आठाचा आकडा उपयोगी नाही, इंग्रजी आठ डोळ्यांपुढे आणा.) प्रत्येक वर्तुळाचा व्यास खेळाडूच्या उंचीच्या सुमारे तिप्पट असे. एकदा काढून भागत नसे. तुम्ही लहानपणी पाटीवर अक्षर गिरवलेत, तसे त्याच रेघेवरून पुनःपुन्हा जावे लागे. पात्याला आतली व बाहेरची अशा दोन धारा असतात. तोल किंचित ढळून दोन्ही धारा एकदम टेकल्या, की बर्फावर एकीऐवजी दोन रेघा उमटत आणि चूक उघडी पडे. परीक्षक खाली वाकून या रेघा न्याहाळीत. अशी वर्तुळे निर्दोष यावीत म्हणून खेळाडू रोज कित्येक तास बर्फावर घालवीत. या विद्येत शूबाची बरोबरी करणारे कोणी नव्हते.

फेब्रुवारी १९७२ मध्ये जपानमधील साप्पोरो येथे हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. आकृत्यांत शूबाने एवढी आघाडी घेतली, की मुक्त नृत्यात सातवी येऊनही सुवर्णपदक तिलाच मिळाले. नृत्यात पहिली आलेली अमेरिकेची जॅनेट लिन हिला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. दूरचित्रवाणीवर मुख्यतः नृत्यच दाखवीत. त्यामुळे पाहणारे बुचकळ्यात पडले. पुढे आकृत्यांचे गुण कमी करण्यात आले, आणि १९९० नंतर त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळल्या गेल्या.

हा बदल योग्यच झाला, असे मला वाटते. ज्या खेळातील निम्मी विद्या परीक्षकांवाचून इतरांस कळत नाही, त्या खेळाला प्रेक्षक कोठून लाभणार? परंतु एवढ्यावरून शूबाचे पदक नियमांच्या कृपेने मिळाले, असे जे म्हटले जाते, ते मला मान्य नाही. आकृत्यांना निम्मे गुण आहेत, हे सर्व स्पर्धकांस आधीपासून ठाऊक होते, आणि वर्तुळे लिनलाही काढावी लागलीच. अर्धी परीक्षा पाहून आलेल्या माणसाने निकाल अन्यायाचा ठरवावा, हे काही बरे नव्हे. नृत्यात कोणी पडले तर हजारो डोळ्यांस दिसते; वर्तुळ बिनचूक आले, हे मात्र वाकून पाहणाऱ्यासच समजते. तेवढ्याने त्या वर्तुळामागचे श्रम कमी मोलाचे कसे ठरतील?

शूबाने १९७१ आणि १९७२ या दोन्ही वर्षी जगज्जेतेपदही मिळवले. नंतर स्पर्धा सोडून ती बर्फावरील नृत्याच्या व्यावसायिक प्रयोगांत सामील झाली. तेथे आकृत्या तपासणारे कोणी नव्हते.